चाकाला पासंग किती लागला?

नाशिकच्या सिडकोतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "काका, माझ्याकडे वन-एट स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराची, ब्रशलेस मोटरची रिमोट कंट्रोल (आरसी) बग्गी आहे. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे गेली की पुढून थरथरते. पुढच्या डाव्या हबचं बेअरिंग दोन महिन्यांत दोनदा गेलं. चाकाची जड बाजू शोधायचं साधन, म्हणजे व्हील बॅलन्सर, घेऊ का? मित्र म्हणतात, एवढ्याशा चाकाचं बॅलन्सिंग म्हणजे नुसते लाड."

लाड नाहीत रे. तू इंजिनिअरिंगला आहेस, तर आधी हिशेबच करू. तुझ्या बग्गीचं चाक साधारण ११० मिलिमीटर व्यासाचं. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला ४८ वेळा फिरतं, म्हणजे मिनिटाला सुमारे २,९०० फेरे. आता रिमच्या आत, मध्यापासून ४० मिलिमीटरवर, एकाच जागी १ ग्रॅम वजन जास्त आहे असं धर. वस्तुमान गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. उत्तर येतं ३.७ न्यूटनच्या आसपास. किराणा दुकानाच्या भाषेत सांगायचं तर तो १ ग्रॅमचा ठिपका चाकाला पावणेचारशे ग्रॅमच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ चाकाबरोबर गरगर फिरत असते. फरक २ ग्रॅमचा असेल तर साडेसातशे ग्रॅम. तुझी गाडी सव्वातीन किलोची धरली तर एका चाकावर भार येतो आठशे ग्रॅमचा. म्हणजे २ ग्रॅमच्या चुकीपायी ते चाक प्रत्येक फेऱ्यात, अंगावरच्या जवळजवळ सगळ्या भाराइतक्या जोराने, एकदा वर आणि एकदा खाली खेचलं जातं. सेकंदाला ४८ वेळा. ८ बाय १६ बाय ५ चं ते चिमुकलं बेअरिंग किती दिवस सोसणार?

छोट्या चाकाचं दुखणं तर आणखी मोठं. वन-टेन टूरिंग कारचा, म्हणजे सपाट रस्त्यावर पळवायच्या एक-दशांश आकाराच्या गाडीचा, टायर जेमतेम ६३ मिलिमीटरचा. ताशी ८० ला तो मिनिटाला पावणेसात हजारांच्या आसपास फिरतो. त्यात मध्यापासून २५ मिलिमीटरवर १ ग्रॅम चुकला की ओढ सव्वा किलोच्या वर जाते, आणि अख्खी गाडीच असते साडेतेराशे ग्रॅमच्या आसपास. तेव्हा 'एवढंसं चाक' म्हणणाऱ्या मित्राला सांग, एवढंसं आहे म्हणूनच.

पण बॅलन्सरची ऑर्डर लगेच टाकू नकोस. तुझ्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली. बेअरिंग दोनदा गेलं, आणि दोन्ही वेळा डाव्याच बाजूचं. चारही चाकं एकाच हाताने, एकाच दिवशी चिकटवलेली असतील तर एकाच कोपऱ्यावर गंडांतर का यावं? आधी पुढची दोन्ही चाकं आपापसांत बदल. टायरची नक्षी उलटी होईल, तपासणीपुरतं चालतं. गाडी पळव. थरथर चाकाबरोबर उजवीकडे गेली तर दोष चाकात. डावीकडेच राहिली तर दोष हबात, ॲक्सलमध्ये नाहीतर हेक्समध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी तुकड्यात, आणि मग तोल साधायला चाकाला शिसं लावून काही उपयोग नाही.

हेक्सचं म्हणशील तर १७ मिलिमीटरच्या हेक्सची पिन झिजते, रिमचं षटकोनी भोक मोठं होतं, नट घट्ट वाटतो पण चाक खुटखुट हलतं. गाडी आडवी धरून चाक वर-खाली आणि पुढे-मागे हलवून बघ. हा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बोटांना कळतो, डोळ्याला दिसत नाही. ॲक्सल वाकला आहे का हे बघायला चाक काढ, ॲक्सलच्या टोकाशी पेन्सिल टेकवून धर आणि हाताने सावकाश फिरव. टोक आणि पेन्सिल यांतली फट एकसारखी राहिली पाहिजे. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं साधन, असेल तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही. रिमच्या कडेचीही हीच परीक्षा.

इथे दोन दुखणी वेगळी ठेव, कारण लोक हमखास घोळ घालतात. चाक 'आऊट' असणं म्हणजे त्याचा आकार गोल नाही किंवा ते लचकत फिरतं. चाक असंतुलित असणं म्हणजे आकार चोख, पण वजन एका बाजूला जास्त. आऊट चाकाला शिसं लावून बॅलन्सरवर स्थिर करता येतं, अगदी झकास स्थिर, आणि ते रस्त्यावर तसंच उड्या मारतं. टायरच्या आत भरलेला फोम गोळा होऊन टायरला टेंगूळ आलेलं मी पुष्कळदा बघितलंय. त्यावर वजनाचा इलाज नाही, टायर उकलायचा.

आणि एक धोक्याचं. गाडी स्टँडवर उचलून चाकं फुल थ्रॉटलने फिरवून 'बघू, थरथरते का' असं करू नकोस. टायर फुगतो, पातळ तबकडीसारखा उभा राहतो, फाटला तर तोंडावर येतो. त्यात पुन्हा डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर: एका बाजूचं चाक हाताने धरलंस तर दुसरं दुप्पट वेगाने फिरतं. स्टँडवर बघायचंच असेल तर चारही चाकं काढून, कमी थ्रॉटलवर बघ. तेव्हाही गाडी थरथरली तर मोटर, मधला शाफ्ट, स्पर गिअर इकडे शोध घ्यायचा.

आता बॅलन्सर. मी सातपूरच्या टूलरूममध्ये उमेदवारी केली तेव्हा सरफेस ग्राइंडरचं दगडी चाक बॅलन्स करायला बसवायचे. दोन समांतर धारा, त्यावर आर्बरसकट, म्हणजे मधल्या दांड्यासकट, दगड ठेवायचा, जड बाजू आपोआप खाली येते, मग फ्लँजच्या खाचेतली वजनं सरकवून दगड कुठेही थांबेल असा करायचा. तासभर लागायचा आणि उस्तादांचं समाधान व्हायचं नाही. आरसीचा बॅलन्सर म्हणजे त्याचंच पोर. एक दांडा, दोन शंकू, दोन बारीक बेअरिंगं, काही प्रकारांत लोहचुंबक. विमानाच्या मॉडेलचे पंखे बॅलन्स करायचं साधन मिळतं तेही चालतं, चाक बसेल असा शंकू तेवढा हवा. लेथ हाताशी असेल तर घरी कर. ग्राइंड केलेली सरळ दांडी, दोन स्टीलच्या पट्ट्या धारेवर उभ्या, पाणसळ लावून समतल. मी पहिली चार वर्षं त्यावरच काढली.

बेअरिंगवाला घेतलास तर त्यातलं ग्रीस धुऊन काढ. विकत मिळतो तेव्हा ग्रीस भरलेलं असतं आणि त्या चिकटपणात अर्धा ग्रॅम सहज लपतो. पेट्रोलमध्ये हलवून कोरडं कर, तेल घालू नकोस. त्या बेअरिंगला काही मिनिटाला ३,००० फेरे घ्यायचे नाहीत, त्याला फक्त नाजूक राहायचंय. मग बॅलन्सरचीच परीक्षा घे: चाक लावून जड बाजू खाली येऊ दे, खूण कर, आता शंकू ढिले करून चाक दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा कस. खाली तीच खूण आली तर ठीक. खूण वर गेली, म्हणजे दांड्याची जुनी बाजूच खाली राहिली, तर दोष चाकाचा नाही, दांड्याचा किंवा शंकूचा आहे.

खोलीतला पंखा बंद कर. हसू नकोस. एप्रिलमध्ये मी अर्धा तास एका टूरिंगच्या चाकाशी झटापट करत होतो, दर वेळी वेगळी बाजू खाली. घरच्यांनी वर बोट दाखवलं तेव्हा उजेड पडला.

आता प्रत्यक्ष काम. चाक आतून-बाहेरून साफ हवं. आपल्याकडची काळी माती रिमच्या आत अशी बसते की वाळल्यावर खडूसारखी सोलून काढावी लागते, आणि तो पोपडा पाच-दहा ग्रॅमचा सहज भरतो. चाक बॅलन्सरवर ठेव, हलकेच ढकल, थांबू दे. वर येणारी बाजू हलकी, तिथे खडूची खूण. असं तीन-चार वेळा, वेगवेगळ्या जागेवरून सोडून. खूण दर वेळी तिथेच आली पाहिजे. मग त्या जागी रिमच्या आतल्या बाजूला पोरांच्या दप्तरातल्या प्लॅस्टिसिनच्या मातीची गोळी लाव. खूण आडवी, घड्याळातल्या तीनच्या जागी आणून सोड. गोळी खाली गेली तर चिमूट काढ, वर गेली तर चिमूट घाल. चाक जिथे सोडशील तिथे थांबायला लागलं की ती गोळी काढून वजन कर. मी सराफ बाजारातून सोनं तोलायचा छोटा खिशातला काटा आणलाय, बॅटरीवरचा. शतांश ग्रॅम दाखवतो. एवढी बारकाई लागत नाही, पण गोळी १.४ ग्रॅमची आहे की २.१ ची हे आकड्यात कळतं, आणि पुढे सांगतो त्या कामाला हा आकडाच उपयोगी पडतो.

तेवढ्याच वजनाचं शिसं काप. नाशकात द्वारका चौकाच्या आसपास कुठल्याही टायरवाल्याकडे चिकटपट्टीवाल्या पट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे. कात्रीने सहज कापतं. हात धुवायचे, शिसं आहे ते. रिमवर मोल्डिंगचं तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी स्पिरिटने पुसायचं, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पट्टी जाते. वर कापडी टेपचा एक तुकडा दाबून लावायचा. जागा रिमच्या रुंदीच्या शक्यतो मध्यावर, आणि चाक बसवल्यावर ते शिसं हबला घासत नाही ना हे फिरवून बघायचं. एम-सीलने काम करणारेही आहेत. ते नायलॉनवरून सुकल्यावर खपलीसारखं निघतं, म्हणून मला पसंत नाही.

हे झालं सगळ्यांना ठाऊक असलेलं. खरं काम याच्या आधीचं आहे. आपल्याकडे जुन्या तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला एक खडा बांधायचे, त्याला पासंग म्हणायचे. पासंग मोठा दिसला की गिऱ्हाईक समजायचं, तराजूच वाकडा आहे. चाकाचंही तसंच. ३-४ ग्रॅम शिसं लागणारं चाक बॅलन्स झालं म्हणून मी खूश होत नाही. ते चिकटवताना कुठेतरी चुकलंय. माझी मर्यादा वन-एटला दीड ग्रॅम, टूरिंगला अर्धा. त्याच्या वर गेलं की उकळत्या पाण्यात टाकून टायर सोडवायचा आणि पुन्हा बसवायचा.

म्हणून नवा सेट बसवताना हा क्रम ठेव. आधी नुसतं रिम बॅलन्सरवर. मोल्डमध्ये प्लॅस्टिक जिथून शिरतं त्या बाजूला बऱ्याचदा जडपणा असतो. जड जागेवर मार्करने ठिपका. मग फोम बघ. पट्टी वळवून जोडलेला साधा फोम असेल तर जोडावर गोंदाची रेघ असते आणि ती जड असते. तो जोड रिमच्या ठिपक्याच्या बरोबर समोर जायला हवा. एकजीव मोल्ड केलेला क्लोज्ड-सेल फोम असेल तर ही भानगड कमी. आता टायर न चिकटवता चढव. रबर कुठे जाड आहे ते बाहेरून कळत नाही, त्यामुळे चार जागा करून बघायच्या: चाक बॅलन्सरवर, गोळीचं वजन लिहून घ्यायचं, टायर रिमवर पाव फेरा सरकवायचा, पुन्हा वजन. चार आकडे मिळतात. सर्वांत लहान आकडा जिथे आला तिथे टायर आणि रिम दोन्हीवर खूण. नुसत्या या सरकवासरकवीने २.५ चा आकडा ०.८ वर आलेला मी माझ्याच वहीत लिहिलेला आहे. एक पैशाचं शिसं न लावता.

मग चिकटवणं. टायरची कडा रिमच्या खाचेत सगळीकडे नीट बसली आहे ना, हे अंगठ्याने दाबत पूर्ण फेरा मारून बघ. आत फोम कुठे दुमडला असेल तर तिथे टायर कडक लागतो. भोवती रुंद रबरबँड. पातळ सीए, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचा गोंद, आधी समोरासमोर चार ठिकाणी एकेक थेंब. वाळला की चाक फिरवून कुठे लचकतंय का बघ, कारण याच्यानंतर पश्चात्तापच आहे. मग त्यांच्या मधल्या जागा, थोडा थोडा, सगळीकडे सारखा. एका बाजूला ओघळ जाऊ दिलास तर तिथेच अर्धा ग्रॅम वाढला. हा गोंद हवेतल्या ओलाव्यावर आवळतो. श्रावणात नाशकात तो बघता बघता धरतो आणि पांढरी भुकटी सोडतो, मे महिन्याच्या कोरड्या दुपारी ताटकळत ठेवतो. घाई करून हलवलास की कडा सुटली.

हवेची भोकं समोरासमोर दोन ठेव, एकच नको. रिमला भोकं असतील तर ती टेपने बंद करून टायरच्या मध्यावर ३ मिलिमीटरची दोन पाड. रिममधून माती आत जाते आणि बाहेर यायची वाट तिला सापडत नाही. टायरच्या भोकातून निदान फिरताना पाणी बाहेर फेकलं जातं.

या पाण्याने मला एकदा चांगलंच नाचवलं. शनिवारी संध्याकाळी गाडी नळाखाली धुतली, रात्री चारही चाकं मन लावून बॅलन्स केली. दोन चाकांना चांगले ४-४ ग्रॅम लागले. तेव्हाच शंका यायला हवी होती, आली नाही. रविवारी सकाळी गाडी ठीक पळाली. दुपारपर्यंत थरथरायला लागली. पुढच्या रविवारी त्याहून जास्त. मी बेअरिंगं बदलली, हेक्स बदलले, एक ॲक्सल विनाकारण फेकला. तिसऱ्या रविवारी चाक बॅलन्सरवर ठेवलं तर शिशाची बाजूच धाडकन खाली. मग ट्यूब पेटली. ओपन-सेल फोमने पाणी पिऊन ठेवलं होतं, धुतल्यापासून चाक उभं असल्याने ते सगळं खालच्या बाजूला साठलं, आणि मी इमानदारीने त्या पाण्याला पासंग लावला. पाणी वाळून गेलं, शिसं राहिलं. तेव्हापासून धुतलेलं चाक दोन दिवस आडवं पडल्याशिवाय माझ्या बॅलन्सरवर चढत नाही. आणि वजन कालच्यापेक्षा वेगळं आलं की आधी चाक कानाशी धरून हलवतो. माती, पाणी, सुटलेला फोम, काहीतरी बोलतंच.

सगळ्याच गाड्यांना हा उपद्व्याप हवा का? नको. सपाट डांबरावर किंवा कार्पेटवर पळणारी टूरिंग, ऑन-रोड वन-एट, वेगासाठी बांधलेली कोणतीही गाडी, यांना हवाच. तुझ्या बग्गीला आणि ट्रगीला (बग्गी आणि ट्रक यांच्या मधली गाडी), ६० च्या वर जात असेल तर हवा. मोकळ्या मातीवर ३०-४० ने खेळणाऱ्या वन-टेन टू-व्हील बग्गीला चिकटवणं नीट असलं तरी पुरतं, कारण पहिल्या दोन लॅपमध्ये रिममध्ये गेलेली मातीच तुझा हिशेब उलटवते. खडकांवर सावकाश चढणाऱ्या गाड्यांचे, म्हणजे क्रॉलरवाले, तर चाकात मुद्दाम शिसं भरतात, गुरुत्वमध्य खाली यावा म्हणून. त्यांच्यासमोर हा विषय काढू नकोस.

रुंद चाकांचं मात्र एक लक्षात ठेव. मॉन्स्टर ट्रकच्या चाकात जडपणा एकीकडे आतल्या कडेला आणि समोर बाहेरच्या कडेला असा तिरपा असू शकतो. बॅलन्सरवर असं चाक शांत उभं राहतं आणि पळताना डुलतं. आपल्या साधनाने ते पकडता येत नाही. शिसं दोन तुकड्यांत, अर्धं आतल्या आणि अर्धं बाहेरच्या कडेला लावायचं, म्हणजे निदान आपण तिरपेपणा वाढवत नाही. नुसत्या फोमचे टायर असतील तर आधी ते ट्रूइंगच्या लेथवर गोल करून घ्यायचे आणि मगच तोलायचे, उलट क्रम करशील तर दोनदा काम.

तर तू आधी चाकांची अदलाबदल कर आणि थरथर कुठे गेली ते मला सांग. माझा अंदाज डाव्या हेक्सच्या पिनीवर आहे, पण गाडी न बघता पैज लावणार नाही. रविवारी सकाळी आम्ही चौघे-पाच जण अंबडला असतो, सातनंतर ऊन चढेपर्यंत. बॅलन्सर माझ्याकडे आहे, लगेच खर्च करू नकोस. चारही चाकं पिशवीत घालून आण, आणि शनिवारी ती धुऊ नकोस, ब्रशने झाडून आण.